भिंत बांधून पाहा, मोडून पाहा: जिवाणूंच्या पेशीभित्तिकेची रासायनिक रचना नवख्यांसाठी

बडोद्यात मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला मराठी घरांतली काही मुलं-मुली हमखास असतात. घरी मराठी, कट्ट्यावर गुजराती आणि पुस्तकं इंग्रजी, असा त्यांचा तिहेरी कारभार. पेशीभित्तिकेचा धडा ती एका वहीत उतरवतात आणि ग्रॅम स्टेनिंगचं, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखण्याचं, प्रॅक्टिकल दुसऱ्या. मग तोंडी परीक्षेत कुणी विचारलं, "अल्कोहोल घातल्यावर नेमकं काय होतं?", की दोन्ही वह्या गप्प. रेणूंच्या आकृत्या आणि टेबलावरच्या रंगाच्या बाटल्या यांची गाठ कुणी घालूनच दिलेली नसते.

ती गाठ घालायची तर भित्तिका आधी कागदावर बांधायची आणि मग टेबलावर निरनिराळ्या रसायनांनी मोडायची. प्रत्येक रसायन भिंतीचा एकेक भाग उघडा करतं. या क्रमानं गेलात तर पाठ करायला फारसं उरत नाही.

काय काय लागेल

कागद, पेन्सिल, खोडरबर. दोन रंगांची पेनं असतील तर उत्तम. प्रयोगासाठी ग्रॅमच्या चार बाटल्या, म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, ९५ टक्के अल्कोहोल आणि सॅफ्रानिन. स्लाईड, लूप (टोकाला कडं असलेली तार), बर्नर, ऑइल इमर्शनचं भिंग असलेला मायक्रोस्कोप. ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. एक कोंबडीचं अंडं. जिवाणू डिपार्टमेंटच्या स्टॉकमधून मागून घ्या: बॅसिलस सबटिलिस, ई. कोलायची के-१२ ही निरुपद्रवी जात आणि मायक्रोकोकस ल्युटियस. कागदाचं काम घरी करा, बाकी सगळं प्रयोगशाळेत आणि मॅडम किंवा सर हजर असताना. घरच्या स्वयंपाकघरात जिवाणू वाढवून पाहायची हौस करू नका.

पायरी १: दोन शर्करा

शाळेतल्या ग्लुकोजपासून सुरुवात करा. पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं षटकोनी कडं काढा, सहावा कार्बन कड्याबाहेर लटकता ठेवा आणि कार्बनना आकडे द्या. आता दुसऱ्या कार्बनवरचा ओएच खोडून तिथे नायट्रोजन बसवा आणि त्याला अ‍ॅसिटाइल गट जोडा. ही झाली एन-अ‍ॅसिटाइल ग्लुकोसअमाइन, सगळे तिला नॅग म्हणतात. शेजारी हीच शर्करा पुन्हा काढा, पण या खेपेस तिसऱ्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला लॅक्टिक आम्लाचा तुकडा लावा. ही एन-अ‍ॅसिटाइल म्युरॅमिक आम्ल, म्हणजे नॅम. लॅक्टिक आम्लाचा तो तुकडा शोभेचा नाही. त्याच्या मोकळ्या कार्बॉक्सिल टोकाला पुढच्या पायरीत एक शेपटी लागणार आहे. म्हणून ते टोक दुसऱ्या रंगानं गिरवून ठेवा.

आता नॅग, नॅम, नॅग, नॅम अशी साखळी काढा. एकीचा पहिला कार्बन पुढचीच्या चौथ्याला जोडलेला, आणि जोड बीटा प्रकारचा. या 'बीटा'वर क्षणभर थांबा. भातातल्या पिष्टाचे जोड अल्फा-१,४ असतात. त्यामुळे पिष्टाची साखळी वळत जाते आणि लाळेतलं अमायलेज ती सहज कापतं. बीटा-१,४ जोडाची साखळी ताठ राहते आणि अमायलेजला दाद देत नाही. झाडांचं सेल्युलोज आणि खेकड्याच्या कवचातलं कायटिन याच घराण्यातले. कायटिन म्हणजे तर नुसती नॅगची साखळी. नॅम मात्र जिवाणूंची खासगी मालमत्ता आहे, माणसाच्या शरीरात ती कुठेही तयार होत नाही. जिवाणूंवरची इतकी औषधं या भिंतीवर का रोखलेली असतात, याचं कारण इथेच आहे.

पायरी २: पाच अमिनो आम्लांची शेपटी

नॅमच्या रंगवलेल्या टोकाला क्रमानं जोडत जा: एल-अ‍ॅलानिन, डी-ग्लुटामिक आम्ल, तिसरं एक बदलतं आम्ल, डी-अ‍ॅलानिन आणि पुन्हा डी-अ‍ॅलानिन.

'डी' दिसलं की पेन थांबलं पाहिजे. प्रथिनांत सगळीकडे एल रूपाचीच अमिनो आम्लं असतात, असं तुम्ही बारावीत शिकलात. जिवाणू मुद्दाम आरशातलं उलटं रूप वापरतो. प्रथिनं कापणारी नेहमीची विकरं (एन्झाइम) एल-एल जोडांवर पोसलेली असतात, त्यांना ही शेपटी सहसा कापता येत नाही. शिवाय डी-ग्लुटामिक आम्ल पुढच्या आम्लाला आपल्या बाजूच्या, म्हणजे गॅमा, कार्बॉक्सिलनं जोडलेलं असतं. म्हणजे कापणाऱ्याची आणखी पंचाईत.

तिसरी जागा जातीनुसार बदलते. स्टॅफायलोकोकस ऑरियसमध्ये तिथे लायसिन असतं. ई. कोलायमध्ये आणि आपल्या बॅसिलसमध्येही मेसो-डायअमिनोपिमेलिक आम्ल, थोडक्यात डॅप. नावाला घाबरू नका. लायसिन असो की डॅप, दोघांकडे एक जादा अमाइन गट असतो, एवढंच लक्षात ठेवा. एक अमाइन शेपटीत गुंतलेला, दुसरा मोकळा. तो मोकळा अमाइन पुढच्या पायरीची खुंटी आहे.

पायरी ३: आडवे टाके

कागदावर पहिल्या साखळीला समांतर दुसरी साखळी काढा, तिलाही शेपट्या लावा. एका शेपटीचं चौथं डी-अ‍ॅलानिन घ्या आणि शेजारच्या साखळीच्या तिसऱ्या आम्लावरच्या मोकळ्या अमाइनला जोडा. ई. कोलायमध्ये हा जोड थेट असतो. स्टॅफायलोकोकस ऑरियसमध्ये मध्ये पाच ग्लायसिनचा पूल असतो. असे टाके पडत गेले की बाजेच्या विणीसारखं जाळं तयार होतं: एका दिशेला शर्करांचे ताठ दोर, आडवे पेप्टाइडचे.

जोडताना पाचवं डी-अ‍ॅलानिन गळून पडलं, हे पाहिलंत का? मग ते लावलंच कशाला? माझ्या मते साऱ्या धड्यातला सगळ्यात सुंदर हिशेब हाच. टाके पेशीपटलाच्या बाहेर घालायचे असतात आणि तिथे एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, नसतो. पेप्टाइड बंध बांधायचा तर ऊर्जा हवी. म्हणून जिवाणू शेपटी पेशीच्या आत तयार करतानाच एटीपी खर्च करून चौथ्या-पाचव्या अ‍ॅलानिनमधला बंध बांधून ठेवतो. बाहेर गेल्यावर ट्रान्सपेप्टिडेज हे विकर तो बंध तोडतं आणि त्याच मोलात नवा आडवा बंध बांधतं. पाचवं अ‍ॅलानिन म्हणजे आधी भरून ठेवलेली मजुरी. आकृतीत त्याच्याभोवती ठिपक्यांचं वर्तुळ करा, पेनिसिलिनच्या वेळी लागेल.

आतून बाहेर ही वीट कशी जाते, ते थोडक्यात: पेशीद्रवात ती युडीपी या वाहकावर बांधली जाते, पटलात ५५ कार्बनच्या बॅक्टोप्रेनॉल या मेदाळ वाहकावर बसते, तिथून पलीकडे उलटते आणि साखळीला लागते. बॅसिट्रॅसिन हे औषध या मेदाळ वाहकाला पुन्हा कामावर येऊ देत नाही. पहिल्या वर्षाला इतकं पुरे.

टाके सगळीकडून पुरे झाले की पेशीभोवतीची संपूर्ण पिशवी म्हणजे एकच अखंड रेणू होतो. वायडेल आणि पेल्झर यांनी १९६४ साली ही कल्पना मांडली. या रेणूचं नाव पेप्टिडोग्लायकन. त्याच्यावर भार किती पडतो याची कल्पना करायची असेल तर ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या प्रेशर कुकरच्या, काट्याकडे बघा. काटा १५ पौंडांवर गेला म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक वातावरण जास्त. आपण तेवढ्यानं दोन पावलं मागे सरतो. स्टॅफायलोकोकससारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या परीक्षेत जांभळ्या राहणाऱ्या) जिवाणूच्या आत हा आकडा २० वातावरणांच्या घरात जातो, आणि तो पेलून धरणारी ही भिंत जेमतेम २० ते ८० नॅनोमीटर जाड.

पायरी ४: ग्रॅमची चार बाटल्यांची परीक्षा

हान्स ख्रिश्चन ग्रॅम हा डेन्मार्कचा डॉक्टर. न्यूमोनियानं दगावलेल्यांच्या फुप्फुसांच्या कापांत जिवाणू स्पष्ट दिसावेत म्हणून त्यानं बर्लिनमध्ये ही पद्धत बसवली आणि १८८४ साली छापली. पेप्टिडोग्लायकन म्हणजे काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे सहा वर्षांनी, १८९० साली, सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन सुरू केलं आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली तिथे रंगाईचं शास्त्र शिकवलं जाऊ लागलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण ग्रॅमची पद्धत समजायला रंगाऱ्याची नजर उपयोगी पडते. क्रिस्टल व्हायोलेटच्या जातीचे धनभारित रंग सुती कापडावर एकटे टिकत नाहीत, टॅनिनसारखा बंधक लागतो. म्हणून जुन्या पुस्तकांत ग्रॅमच्या आयोडीनलाही रंगबंधक म्हटलं आहे. ते खरं म्हणजे तितकंसं बरोबर नाही. का, ते पुढे येईलच.

स्मिअर, म्हणजे जिवाणूंचा पातळ लेप. १८ ते २४ तासांचं ताजं कल्चर (वाढवलेले जिवाणू) घ्या. स्लाईडवर पाण्याचा लहानसा थेंब, त्यात लूपच्या टोकाला लागेल एवढंच कल्चर, आणि पातळ पसरवा. वाळल्यावर स्मिअरमधून पुस्तकातली अक्षरं वाचता आली पाहिजेत. एकाच स्लाईडवर तीन स्मिअर करा: डावीकडे बॅसिलस, उजवीकडे ई. कोलाय, मधे दोघांचं मिश्रण. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. दोन्ही टोकं बरोबर रंगली नाहीत तर मधल्याचा निकाल वाचायचाच नाही.

वाळवणं आणि शेक. बडोद्याच्या जुलैत हवा इतकी दमट असते की स्मिअर वाळता वाळत नाही, आणि मुलं कंटाळून स्लाईड ज्योतीवर धरतात. तसं केलंत तर भिंती फाटतात आणि बॅसिलस गुलाबी दिसू लागतो. पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, मग ज्योतीतून दोन-तीनदा झर्रकन फिरवा. हाताच्या पाठीला स्लाईड कोमट लागावी, चटका बसता कामा नये.

क्रिस्टल व्हायोलेट, १ मिनिट. हा रेणू धनभारित आहे. तो दोन्ही प्रकारच्या पेशींत शिरतो. या क्षणी स्लाईड पाहिलीत तर सगळेच जांभळे. पाण्यानं हलकं धुवा. नळाला आजवा तलावाचं पाणी येत असो की मही नदीचं, धार थेट स्मिअरवर सोडू नका, तिरप्या स्लाईडच्या वरच्या कडेला सोडा.

आयोडीन, १ मिनिट. बाटलीत १ ग्रॅम आयोडीन, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ३०० मिलीलीटर पाणी असतं. आयोडाइड आत शिरतं आणि क्रिस्टल व्हायोलेटशी जुळून मोठा, पाण्यात न विरघळणारा संयुग-रेणू बनवतं. रंगाऱ्याचा बंधक धाग्याला चिकटतो आणि रंगाला धरतो. इथे आयोडीन भिंतीला चिकटत नाही, रंगाचं आकारमान वाढवतं. लहान रेणू आत आले, आत त्यांची गाठ पडली, आता मोठी गाठ बाहेर निघायला अडखळते. म्हणून याला अडकवणारा म्हणणं जास्त योग्य. आयोडीन जुनं झालं की तपकिरीचं पिवळट होतं. तशी बाटली दिसली की नवीन मागा, लाजू नका. गडद काचेची बाटली आणि सावलीतलं कपाट, एवढं केलं तरी ते बरंच टिकतं.

अल्कोहोल, १० ते २० सेकंद. सारी परीक्षा या काही सेकंदांत आहे. जाड पेप्टिडोग्लायकनातलं पाणी अल्कोहोल ओढून घेतं, जाळ्याची भोकं आक्रसतात, आणि मोठी गाठ आतच राहते. ई. कोलायची गोष्ट वेगळी. तिची पेप्टिडोग्लायकनची चादर काही नॅनोमीटरांची. तिच्याबाहेर मेदाचं आणखी एक पटल असतं, ते अल्कोहोलात विरघळून जातं. मग त्या पातळ चादरीतून जांभळा रंग भराभर निसटतो. स्लाईड तिरपी धरून थेंब-थेंब सोडा आणि खाली पडणारा थेंब बिनरंगी झाला की त्याच सेकंदाला पाण्याखाली धरा.

मे महिन्यात ४२ अंशांच्या उकाड्यात अल्कोहोल पाहता पाहता उडून जातं, त्यामुळे स्मिअरच्या एका कडेला रंग राहिला आणि दुसरीकडे गेला, असं होतं. जास्त वेळ ठेवलंत तर बॅसिलससुद्धा शेवटी रंग सोडेल. म्हणजे फरक 'सोडतो की नाही' असा नाहीच, किती वेगानं सोडतो असा आहे. तोंडी परीक्षेत हे एक वाक्य नीट सांगितलंत तर समोरचे पुढचा प्रश्न सौम्य आवाजात विचारतात, असा माझा अनुभव.

सॅफ्रानिन, ३० ते ६० सेकंद. रंग गेलेल्या पेशी गुलाबी होतात. जांभळ्यांनाही सॅफ्रानिन लागतं, पण जांभळ्यापुढे ते दिसत नाही. धुवा, टिपकागदानं टिपा, घासू नका. ऑइलचा थेंब टाकून पाहा.

बॅसिलस जांभळ्या काड्या, ई. कोलाय गुलाबी काड्या. जांभळे ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्रॅम निगेटिव्ह. बॅसिलसच्या काडीत मधेच बिनरंगी पोकळी दिसली तर ती बीजाणूची जागा, स्टेन बिघडलेला नाही. कल्चर दोन-तीन दिवसांचं शिळं असेल तर निम्म्या काड्या गुलाबी निघतील. म्हाताऱ्या पेशी आपली भिंत राखत नाहीत.

हात बसल्यावर दोन नमुने जरूर करा. एक घरचं दही, पाण्यात चांगलं पातळ केलेलं. काड्या आणि गोलांच्या माळा, सगळं जांभळं. दह्यातलं केसिन आणि साय रंग धरून ठेवतात, तेव्हा पार्श्वभूमी डागाळलेली दिसणारच. दुसरा नमुना स्वतःच्या दातांवरचा कीट, टूथपिकनं खरवडलेला. त्यात गालाच्या आतल्या त्वचेच्या मोठाल्या पेशी येतात. माणसाच्या पेशीला भित्तिका नसते, म्हणून त्या गुलाबीच दिसायला हव्यात. त्या जांभळ्या दिसल्या तर अल्कोहोल कमी पडलं. फुकटात मिळालेला पहारेकरी आहे हा.

मधेच कागदाकडे

स्टेन झाला की पायरी ३ ची आकृती पुढे ओढा आणि तिचे दोन नमुने करा.

ग्रॅम पॉझिटिव्हसाठी जाळ्याचे अनेक थर एकावर एक काढा आणि त्यांतून आरपार जाणाऱ्या टायकोइक आम्लाच्या दोऱ्या. या दोऱ्या म्हणजे ग्लिसरॉल किंवा रिबिटॉल आणि फॉस्फेट यांची आलटूनपालटून माळ. जेम्स बॅडिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये त्या ओळखल्या. काही दोऱ्या नॅमला बांधलेल्या असतात, काहींचं मूळ खाली पेशीपटलातल्या मेदात. फॉस्फेटमुळे सगळी भिंत ऋणभारित होते आणि मॅग्नेशियमचे आयन धरून ठेवते.

ग्रॅम निगेटिव्हसाठी जाळ्याचा एखादाच थर काढा, त्याच्याबाहेर दुसरं पटल. या पटलाची बाहेरची पाळी साध्या फॉस्फोलिपिडची नसते, ती लिपोपॉलिसॅकराइडची असते. त्याचे तीन भाग: पटलात रुतलेलं लिपिड ए, मधला गाभा आणि बाहेर लोंबणारी ओ-शर्करांची साखळी. लिपिड ए म्हणजेच एंडोटॉक्सिन. जिवाणू मेल्यावरही ते रक्तात ताप चढवू शकतं, म्हणून सलाइनच्या बाटल्या निर्जंतुक असून भागत नाही, त्यांची एंडोटॉक्सिनसाठी वेगळी तपासणी होते. ई. कोलाय ओ१५७ या बदनाम जातीच्या नावातला 'ओ' याच बाहेरच्या साखळीचा. शेजारशेजारच्या लिपोपॉलिसॅकराइडना मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे आयन एकत्र बांधून ठेवतात. हा मुद्दा अधोरेखित करा, पायरी ६ त्यावरच उभी आहे. बाहेरचं पटल आणि जाळं यांना ब्राउन लिपोप्रोटीन जोडतं, त्याचं खालचं टोक डॅपला बांधलेलं. आणि लहान रेणूंना आत येण्यासाठी पटलात पोरिन नावाची दारं असतात.

पायरी ५: पोटॅशची तार

ग्रॅमचा निकाल संशयास्पद वाटला तर ही परीक्षा मिनिटात होते. स्लाईडवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब घ्या, त्यात प्लेटवरची एक भरपूर वसाहत मिसळा आणि अर्धा ते एक मिनिट घोटत राहा. मग लूप हळूच वर उचला. ई. कोलायचा थेंब चिकट होऊन लूपबरोबर तार येते. बॅसिलसचा थेंब पाण्यासारखा राहतो.

ती तार डीएनएची. अल्कली बाहेरचं पटल आणि पातळ चादर मोडते, पेशी फुटतात, लांबलचक डीएनए बाहेर पडून द्रव घट्ट करतो. जाड भिंतीच्या पेशी तेवढ्या वेळात दाद देत नाहीत. पोटॅश हाताला आणि डोळ्यांना जाळतो, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. तार आली नाही तर आधी वसाहत कमी तर घेतली नाही ना, ते पाहा. बहुतेक वेळा तेच असतं.

पायरी ६: अंड्याचा पांढरा

पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं त्याच्या काही वर्षं आधी, १९२२ मध्ये, लायसोझाइमबद्दल लिहिलं होतं. अश्रू, लाळ, नाकातला स्राव यांत हे विकर असतं आणि अंड्याच्या पांढऱ्यात तर भरपूर: त्यातल्या प्रथिनांपैकी सुमारे ३.५ टक्के. नॅमचा पहिला कार्बन आणि नॅगचा चौथा कार्बन यांमधला बीटा-१,४ जोड ते कापतं. पायरी १ मध्ये अमायलेजला न जमलेलं काम.

१ मिलीलीटर पांढरा ९ मिलीलीटर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७ च्या आसपास, हलक्या हातानं मिसळा. तंतू दिसतील, मलमलीतून गाळा. मायक्रोकोकस त्याच बफरमध्ये मिसळून दोन नळ्यांत दुधी गढूळ द्रव करा. एका नळीत अंड्याचं पाणी, दुसरीत तेवढंच नुसतं बफर. मागे छापील कागद धरून दर मिनिटाला बघा. पहिल्या नळीतून अक्षरं उमटू लागतील, दुसरी तशीच गढूळ राहील. वर्गात काही जण अंड्याला हात लावायला नाखूष असतात, त्यांना लायसोझाइमची तयार पूड द्यावी. प्रयोगाचं काही बिघडत नाही.

आता हेच ई. कोलायवर करा. काही विशेष घडत नाही. चादर पातळ आहे, मग फुटायला हवी होती ना? विकर तिथवर पोचतच नाही. लायसोझाइम हे प्रथिन पोरिनच्या दारातून मावत नाही आणि बाहेरचं पटल त्याला अडवतं. मग पीएच ८ च्या ट्रिस बफरमध्ये पेशी घेऊन त्यात काही मिलीमोलर ईडीटीए घाला. ईडीटीए मॅग्नेशियम-कॅल्शियम ओढून घेतं, लिपोपॉलिसॅकराइडची बांधणी सैल होते. त्यानंतर लायसोझाइम द्या आणि नळी निवळताना पाहा.

वेळ उरला तर याच मिश्रणात २० टक्के साखर घालून एक नळी वेगळी करा. बाहेर साखर असल्यानं पाणी आत घुसत नाही, पेशी फुटत नाहीत. थेंब मायक्रोस्कोपखाली घ्या: काड्या गोळे झालेल्या असतात. काडीचा आकार भिंतीनं दिला होता, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. त्या थेंबाच्या कडेला साधं पाणी सोडा, गोळे फुटून नाहीसे होतात.

पायरी ७: पेनिसिलिन, पुन्हा कागदावर

बडोद्याच्या मुलांना हा भाग परका वाटू नये. १९०७ साली स्थापन झालेलं अ‍ॅलेम्बिक आणि नंतरचं साराभाई केमिकल्स यांमुळे शहरातल्या कितीतरी मराठी घरांची चूल औषधांच्या कारखान्यावर पेटली.

पायरी ३ मधलं ठिपक्यांचं वर्तुळ पुन्हा समोर घ्या. ट्रान्सपेप्टिडेज तिथला डी-अ‍ॅलानिन–डी-अ‍ॅलानिन बंध पकडतं. पेनिसिलिनचा रेणू आकारानं या जोडीसारखा दिसतो, असं टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ मध्ये मांडलं. विकर फसतं, त्याच्या सेरिन या अमिनो आम्लावर पेनिसिलिनचं चार कोपऱ्यांचं बीटा-लॅक्टम कडं उघडून चिकटतं आणि मग सुटतच नाही. टाके थांबतात. इकडे पेशी वाढतच असते, आणि वाढताना भिंत कापणारी तिची स्वतःचीच विकरं काम करत राहतात. शेवटी आतल्या दाबानं ती फुटते. म्हणून पेनिसिलिन वाढत्या पेशींना मारतं, झोपलेल्यांना फारसं नाही. लायसोझाइमला ही अट नाही, ते बांधून झालेली भिंतच कापतं. हा फरक परीक्षेत वारंवार विचारतात.

व्हॅन्कोमायसिनची तऱ्हा निराळी. ते विकराला हात लावत नाही, शेपटीचं डी-अ‍ॅलानिन–डी-अ‍ॅलानिन टोकच मुठीत धरतं. काही एन्टेरोकोकस जिवाणूंनी यावर उपाय काढला: शेवटच्या डी-अ‍ॅलानिनऐवजी डी-लॅक्टिक आम्ल. एक हायड्रोजन बंध गेला आणि पकड सुमारे हजारपटीनं ढिली झाली. ई. कोलायवर व्हॅन्कोमायसिन मुळातच चालत नाही, कारण एवढा मोठा रेणू पोरिनमधून जात नाही. तुमच्या आकृतीत दार कुठे आहे ते बघा, उत्तर तिथेच सापडेल.

चौकटीत न बसणारे

क्षयाचा जिवाणू ग्रॅमच्या बाटल्यांना जुमानत नाही. त्याच्या पेप्टिडोग्लायकनवर अरॅबिनोगॅलॅक्टन आणि त्याला जोडलेली, ६० ते ९० कार्बनची मायकोलिक आम्लं असतात. मेणचट थरातून पाण्यातला रंग नीट शिरत नाही. म्हणून झील-नीलसन पद्धतीत कार्बोल फुक्सिन गरम करून आत घालवतात, आणि एकदा शिरलेला तो रंग आम्लयुक्त अल्कोहोललाही सुटत नाही. पहिल्या वर्षाला हे फक्त तयार स्लाईडवर पाहायचं. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला भित्तिकाच नाही, तेव्हा त्याच्यावर पेनिसिलिन देणं व्यर्थ.

आवरताना

जिवंत कल्चरच्या नळ्या आणि प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंश आणि १५ पौंडांवर. वापरलेल्या स्लाईड आणि टूथपिक १ टक्का हायपोक्लोराइटच्या डब्यात. पोटॅशची स्लाईड मात्र तशीच बेसिनमध्ये टाकू नका, आधी भरपूर पाण्यानं धुवा. बोटांवरचं क्रिस्टल व्हायोलेट दोन-तीन दिवस राहतंच, त्यासाठी हात घासून सोलून घेऊ नका. मायक्रोस्कोपच्या ऑइलच्या भिंगावरचं तेल लेन्स पेपरनं एकाच दिशेनं टिपा. रुमालानं पुसलंत तर काचेवर चरे पडतात आणि पुढच्या बॅचला सगळेच जिवाणू धुक्यातले दिसतात.